कागदी टेसलेशन: मुलांचे आकार एकमेकांत का बसत नाहीत आणि ते कसे बसवायचे

प्रश्न असा आहे: सातवीचा वर्ग, ४८ मुलं, ३५ मिनिटांच्या तासिका, हाताशी कार्डपेपर, कात्र्या आणि चिकटपट्टी. एकच आकार पुन्हा पुन्हा लावून सगळा कागद भरायचा, मध्ये फट राहू द्यायची नाही आणि आकार एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. यालाच टेसलेशन म्हणतात. मुलांनी मासे, पक्षी, पानं काढली, नीट कापली, पण ती एकमेकांत बसेनात. कुठे चुकतंय?

चूक पहिल्या पाच मिनिटांतच होते. मूल आधी मासा काढतं आणि मग तो बसवायला बघतं. मनाने काढलेल्या माशाच्या पाठीचा बाक आणि पोटाचा बाक यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो, त्यामुळे तो कितीही सुबक काढला तरी बसणार नाही. इथे उलट्या क्रमाने जायचं. चौकोन मुळातच फट न ठेवता बसतो. त्याच्या एका बाजूचा तुकडा कापून तोच समोरच्या बाजूला जोडला की एका कडेला खाच पडते आणि दुसऱ्या कडेला नेमका त्या खाचेत बसणारा फुगवटा येतो. कागद कमी झाला नाही, वाढलाही नाही, फक्त जागा बदलली. हे मुलांना पटवायला शाळेबाहेरच्या फुटपाथवरचे नागमोडी सिमेंटचे पेव्हर ब्लॉक दाखवा. प्रत्येक ब्लॉकला एका कडेला जिथे खाच, तिथेच पलीकडच्या कडेला तेवढाच फुगवटा असतो. मासा दिसतो तो नंतर.

असा कापून-जोडून झालेला आकार म्हणजे आपला साचा, तोच पुन्हा पुन्हा गिरवायचा. साच्याचा कागद निवडताना कंजुषी नको आणि अतिरेकही नको. ड्रॉइंग पेपरचा साचा केला तर आठदहा वेळा पेन्सिल फिरवल्यावर त्याची कड दुमडते. जाड पुठ्ठा घेतला तर मुलांच्या कात्रीखाली कड चुरगळते आणि वळणं नीट निघत नाहीत. २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डपेपर योग्य. विकत आणायचा नसेल तर जुन्या लग्नपत्रिका गोळा करायला सांगा. एकच बाजू छापलेली असेल अशाच घ्या, कारण छापील आणि कोरी बाजू वेगळी दिसते आणि त्याचा पुढे मोठा उपयोग होतो.

चौकोन ६ सेंमी बाजूचा, म्हणजे चौरस घ्या. ए-४ आकाराच्या कार्डातून असे १२ निघतात. चार सेंमीच्या चौकोनात मुलांच्या बोटांना चिकटपट्टी लावता येत नाही, आणि दहाचा घेतला तर ए-४ कागदावर जेमतेम चार अख्खे आकार बसतात, मग पुनरावृत्तीची गंमत कळत नाही. चौकोन पहिल्या वेळी शिक्षकांनीच कापून द्यावेत. मुलांना आखायला लावले तर अर्धी तासिका गुण्या शोधण्यात जाते. दोन्ही कर्ण मोजून बघा, दोन्ही सुमारे ८.५ सेंमी यायला हवेत. खरं तर तुकडा समोरच्या बाजूला सरकवण्याच्या या पद्धतीला चौरसच लागतो असं नाही, समोरासमोरच्या बाजू समांतर आणि सारख्या असल्या म्हणजे झालं. आयत आणि समांतरभुज चौकोनही चालतो. पण एक बाजू ६ सेंमी आणि समोरची ५.८ असेल तर प्रत्येक ओळीत पाचरीसारखी फट पडते आणि मुलाला वाटतं आपलंच कापणं चुकलं. तुकडा कोपऱ्याभोवती फिरवण्याची पद्धत पुढे येईल, तिला मात्र चारही बाजू सारख्या आणि कोन काटकोनच हवा.

आता कापणी. चौकोनाची कोरी बाजू वर ठेवा आणि तिच्यावर मध्यभागी एक बाण काढा, टोक वरच्या दिशेला. चारही कोपऱ्यांवर पेन्सिलने छोटे ठिपके द्या. डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक वळणदार रेघ काढा, चौकोनाच्या आतून. रेघ कोपऱ्यावरच सुरू आणि कोपऱ्यावरच संपली पाहिजे. बाजूच्या मधूनच सुरू केली तरी गणित बिघडत नाही, पण मग तुकडा समोर नेताना किती वर, किती खाली हे मोजावं लागतं आणि तिथे मुलं हमखास घसरतात. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापलेल्या तुकड्याला ६ सेंमीची अख्खी सरळ कड असते, ती समोरच्या बाजूला टोकाला टोक लावून आपोआप बसते. रेघ २ सेंमीपेक्षा आत जाऊ देऊ नका, नाहीतर वरून येणारी दुसरी रेघ तिला छेदते आणि साच्याचे दोन तुकडे होतात. साच्याचा सगळ्यात अरुंद भागही एक सेंमीच्या खाली नको, गिरवताना तो वाकतो.

रेघेवरून एकदाच कापायचं, तुकडा अखंड निघाला पाहिजे. कात्री एका जागी धरून कागद वळवा, वळणं गुळगुळीत येतात. एखाद्या ठिकाणी कात्री वाकडी गेली तर जाऊ द्या. या कामात वाकडं कापलेलं चालतं, कारण तो वाकडेपणा खाचेत आणि तुकड्यात दोन्हीकडे सारखाच उतरतो. ‘जरा नीट करतो’ म्हणून मूल कड पुन्हा कातरतं तेव्हा खरं नुकसान होतं. कातरलेली ती एक मिलिमीटरची चिरी जमिनीवर पडली की तेवढी फट प्रत्येक जोडावर येणार. वर्गात हे आधीच सांगा: बाकाखाली एकही चिरी दिसता कामा नये.

तुकडा उचलायचा नाही. बाकावरच तो चौकोनावरून सरळ उजवीकडे सरकवत न्यायचा आणि त्याची सरळ कड उजव्या बाजूला भिडवायची. उचलला की तो पालथा होतो. इथे लग्नपत्रिका कामाला येते: छापील बाजू वर दिसली की तुकडा पालथा झाला हे मुलाला स्वतःलाच कळतं. साधा पांढरा कार्डपेपर असेल तर कापण्याआधी वरची बाजू फिकट रंगवून घ्या. भिडवताना कडेला कड, मध्ये फट नको आणि एकावर एक तर नकोच. आधी मधोमध चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा, मग दोन्ही टोकं, मग साचा उलटा करून मागून पूर्ण पट्टी. पट्टी आकाराच्या बाहेर डोकावत असेल तर फक्त पट्टीच कापायची, कार्डाला कात्री लागू द्यायची नाही. पारदर्शक पट्टीपेक्षा कागदी मास्किंग टेप बरी. ती दिसते, हाताने फाडता येते, चुकली तर निघते आणि तिच्यावर पेन्सिल चालते.

मग तेच वरच्या बाजूला: डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत वळण, तुकडा सरळ खाली सरकवून खालच्या बाजूला. ठिपके दिलेले चारही कोपरे अजून साच्याच्या कडेवरच असतात, ते पुढे लागतील.

मोठा कागद हातात देण्याआधी प्रत्येक साच्याची चाचणी घ्या. वहीच्या रद्दी पानावर तो चार वेळा गिरवायचा, दोन वर, दोन खाली. चाचणीत काय बिघडलं यावरून दोष ओळखता येतो, आणि ४८ मुलांच्या वर्गात ही ओळख फार वेळ वाचवते. फुगवट्यासमोर फुगवटा आणि खाचेसमोर खाच आली तर तुकडा पालथा चिकटला आहे. टेप काढून सुलटा लावा. सगळ्या उभ्या जोडांवर सारख्या रुंदीची फट असेल तर कड कातरली गेली आहे आणि साचा पुन्हा करावा लागेल. उलट सगळ्या जोडांवर आकार सारखेच एकमेकांवर चढत असतील तर तुकडा लावताना त्याच्या आणि चौकोनाच्या मध्ये जागा राहिली आहे. फट एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला रुंद असेल तर तुकडा तिरपा चिकटला आहे किंवा मूळ चौकोनच तिरका होता. आणि चाचणीतले चार नीट बसून मोठ्या कागदावर आठव्या-नवव्या आकारापासून बिघडत असेल तर साचा निर्दोष आहे, गिरवणं चुकतंय.

गिरवण्याचं कारण थोडं खोलात समजून घ्यायला हवं. पेन्सिलीचं टोक साच्याच्या कडेला टेकतं, तेव्हा रेघ कडेच्या बाहेर पडते. बोथट पेन्सिलीने प्रत्येक आकार अर्धा मिलिमीटर सहज मोठा होतो. पुढचा साचा त्या रेघेच्या बाहेर ठेवला की चूक साठत जाते. सहा आकारांनंतर ३ मिलिमीटर, आणि तोवर खालची ओळ वरच्या ओळीशी जुळेनाशी झालेली असते. उपाय म्हणजे कागदावर आधी ६ सेंमीची फिकट चौकट आखून घेणं आणि साच्यावरचे चार ठिपके चौकटीच्या छेदबिंदूंवर ठेवणं. मग शेजारच्या रेघेकडे बघायचंच नाही. प्रत्येक आकार आपल्या चौकोनाशी बांधलेला राहतो आणि चूक पुढे जात नाही. चौकट २एच पेन्सिलने, गिरवणं टोकदार एचबीने. सुरुवात कागदाच्या मधून करा आणि कडेला आकार अर्धेच कापले जाऊ द्या. मुलांना अर्धा मासा नको असतो, ती कडेला जागा सोडतात. पण नक्षी कागदाच्या बाहेरही चालू आहे असं वाटण्यातच तिची जान आहे.

आता मासा कुठून येतो? साचा तयार झाला की तो रद्दी कागदावर चारही दिशांनी फिरवून चार वेळा गिरवायचा आणि प्रत्येकात काय दिसतं ते बघायचं. एका दिशेने उंट दिसेल, दुसऱ्या दिशेने टोपी घातलेला माणूस. शेजारच्या मुलाला विचारायला सांगा, कापणाऱ्याला जे दिसत नाही ते शेजाऱ्याला चटकन दिसतं. डोळा, कल्ले, पंख, चुणी या आतल्या रेघांनीच चित्र उभं राहतं, बाह्यरेषेला हात लावायची गरज सहसा पडत नाही. चोच जरा टोकदार हवी असं वाटलंच तर एक नियम: जिथे वाढवाल, तिच्या जोडीच्या कडेवर नेमकं तेवढंच कापायचं. डच कलावंत एम. सी. एशर (१८९८–१९७२) यांची एकमेकांत गुंतलेली पाखरं आणि सरडे दाखवायचे असतील तर ते आता, मुलांचे साचे झाल्यावर. आधी दाखवले की वर्गात सरड्यांच्या नकला सुरू होतात. एशर यांनी स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अलहंब्रा राजवाड्याला १९२२ आणि १९३६ मध्ये भेट देऊन तिथल्या फरशांच्या नक्षी अभ्यासल्या होत्या, हे मुलांना जरूर सांगा. छत्रपती संभाजीनगरजवळचे विद्यार्थी असतील तर बीबी का मकबऱ्यातली कबरीभोवतीची संगमरवरी जाळी त्यांना घेऊन जाऊन दाखवा.

वेळेचा अंदाज: चौकोन, कापणी आणि चाचणी यांना एक पूर्ण तासिका लागते, ती कमी करू नका. दुसरी चौकट आखणं आणि गिरवण्याला, तिसरी रंगाला. रंगाबद्दल एवढंच, की चौकोनापासून केलेल्या साच्याला दोनच रंग पुरतात, बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून. षट्कोनापासून केला तर तीन लागतात, कारण एका बिंदूपाशी तीन आकार भेटतात आणि तिघांचीही एकमेकांशी कड लागते. स्केचपेन बाह्यरेषेला अगदी शेवटी. आधी मारला तर ओल्या रंगाखाली फुटतो आणि शेजारच्या आकारात पसरतो.

सरकवणं जमलं की फिरवणं घ्या. कोपऱ्यांना नावं देऊ: वर डावीकडे क, वर उजवीकडे ख, खाली उजवीकडे ग, खाली डावीकडे घ. क पासून घ पर्यंत वळण कापा. तुकड्याचं क टोक जागेवर दाबून धरा आणि तुकडा घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, म्हणजे त्याचं घ टोक ख वर येतं आणि तुकडा वरच्या बाजूच्या बाहेर बसतो. तसंच ख पासून ग पर्यंत कापून ग भोवती त्याच दिशेने फिरवलं की तो खालच्या बाजूला जातो. हा साचा भरताना मुलं जुन्या सवयीने नुसता सरकवतात, आणि बसत नाही म्हणून साचा फेकून देतात. तुकड्याला जी हालचाल दिली तीच अख्ख्या साच्याला द्यायची. चौकटीच्या एका छेदबिंदूवर क ठेवा, तिथे टाचणी रोवा, कागदाखाली जुनं मासिक असू द्या, आणि पाव-पाव फेऱ्याने चार वेळा गिरवा. चार आकारांचं भिरभिरं तयार होतं. हे अख्खं भिरभिरं १२ सेंमी उजवीकडे आणि १२ सेंमी खाली सरकवत कागद भरतो. टाचणीच्या जागी चार पक्ष्यांच्या चोची किंवा शेपट्या एकत्र आल्या की मुलं स्वतःहून ओरडतात.

आठवी-नववीला मध्यबिंदूची पद्धत द्या, कारण तिच्यात भूमिती सगळ्यात स्वच्छ दिसते. कसाही वेडावाकडा चौकोन घ्या, चारही बाजू वेगळ्या असू द्या. त्याच्या चार कोनांची बेरीज ३६० अंश असते, म्हणून चार प्रतींचे चार वेगवेगळे कोपरे एका बिंदूभोवती आणले की जागा पूर्ण भरते. कोपऱ्यांना चार रंगांचे ठिपके द्या आणि सांगा, प्रत्येक बिंदूपाशी चारही रंग भेटले पाहिजेत. शेजारची प्रत सामाईक बाजूच्या मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवली की आपोआप जागेवर येते. नक्षीदार करायचं तर प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूपासून कोपऱ्यापर्यंत वळण कापायचं आणि तुकडा त्याच मध्यबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवून त्याच बाजूच्या उरलेल्या अर्ध्यावर लावायचा. त्रिकोणालाही हीच रीत चालते. एखादं मूल नियमित पंचकोन घेऊन येईल. त्याचा कोन १०८ अंशांचा, तीन जोडले की ३२४ होतात आणि ३६ अंशांची फट राहते. त्याला ती फट कापून, जोडून स्वतः बघू द्या, नुसतं ‘होत नाही’ सांगू नका. अनियमित पंचकोनांपैकी काही बसतात, उदाहरणार्थ चौकोनावर त्रिकोणी छप्पर ठेवलेला घराचा आकार.

रंगीत घोटीव कागदाचे आकार कापून चिकटवायचे असतील तर दोन सापळे आहेत. पहिला, घडी. एका कात्रीत चार आकार निघावेत म्हणून मुलं कागदाची घडी घालतात, आणि निम्मे आकार आरशातल्यासारखे उलटे निघतात, ते कधीच बसत नाहीत. घडी न घालता चार वेगळे कागद सगळ्यांची रंगीत बाजू एकाच दिशेला ठेवून रचा, वाया जाणाऱ्या कोपऱ्यात स्टेपल मारा आणि मग कापा. दुसरा सापळा पांढऱ्या बाजूचा. घोटीव कागदावर पेन्सिल मागच्या पांढऱ्या बाजूवरच नीट उठते. तिथे साचा सुलटा ठेवून गिरवला तर रंगीत बाजूने आकार उलटा मिळतो. म्हणून मागून गिरवताना साचा पालथा ठेवायचा, बाण काढलेली बाजू खाली. सगळेच आकार उलटे निघाले तर मात्र घाबरू नका, ते आपसात बसतात. घोळ होतो तो निम्मे सुलटे, निम्मे उलटे झाल्यावर.

चिकटवायला पातळ गोंद नको. घोटीव कागद ओला झाला की फुगतो, आणि काठोकाठ बसवलेले आकार एकमेकांना ढकलून मध्ये उचलले जातात. ग्लूस्टिक वापरा. कापताना रेघेच्या किंचित आतून कापा आणि काळ्या कागदावर चिकटवा. आकारांमध्ये राहणारी मिलिमीटरभर काळी रेघ मुलांच्या कात्रीचे सगळे दोष झाकते आणि नक्षी उलट उठून दिसते.

सगळ्या वर्गाचा मिळून एक फलक करायचा असेल तर एकच साचा निवडावा लागतो. प्रत्येकाचा वेगळा साचा एकत्र बसत नाही. २२ बाय २८ इंचांचं कार्डशीट म्हणजे साधारण ५६ बाय ७१ सेंमी. त्यावर ८ सेंमीची चौकट, ६ उभे रकाने आणि ८ आडव्या ओळी, म्हणजे बरोबर ४८ आकार आणि कडेला फुगवट्यांसाठी साडेतीन-चार सेंमी जागा. निवडलेल्या वळणाचा साचा ८ सेंमीच्या चौकोनावर नव्याने करा, खाच अडीच सेंमीच्या आत. वर्गासाठी आठ साचे काढाल तर आठही मूळ साच्यावरूनच गिरवा. प्रतीवरून प्रत काढली की प्रत्येक पिढीला तो अर्धा मिलिमीटर वाढतो आणि शेवटच्या गटाचे आकार जागेत मावत नाहीत. प्रत्येक मुलाने आपल्या आकाराच्या मागे रकान्याचा व ओळीचा क्रमांक आणि वर दाखवणारा बाण लिहावा. लावताना मधल्या चार आकारांपासून बाहेर जा, आणि चारही बाजूंचे शेजारी सुके ठेवून बघितल्याशिवाय एकालाही गोंद लावू नका.